बुटाचं पॉलिश लावलेलं नाणं

शेजारचा घड्याळवाला जेवायला गेला होता, म्हणून त्याच्याकडे आलेला एक तरुण वेळ काढायला आमच्या दुकानात शिरला. जुनी नाणी ओळखायची आणि त्यांची किंमत सांगायची, हा माझ्या मामाचा धंदा आणि आता माझाही. त्याने खिशातून तांब्याचं एक जुनं नाणं काढलं. इतकं लखलखीत, की मी डोळेच मिटले.

"आत्याच्या शिवणाच्या डब्यात सापडलं," तो ऐटीत म्हणाला. "टूथपेस्ट लावून चांगलं घासलंय."

मी कपाळाला हात लावला. "अहो, वर जो काळा थर चढतो ना, त्यालाच तर भाव असतो. तुम्ही किंमतच घासून काढलीत."

"म्हणजे जितकं काळं, तितकं चांगलं?"

"तसं समजा."

त्याचा चेहरा असा काही पडला, की मला हसू आवरेना. मग तोही हसला... आणि मी उगाचच स्वच्छ भिंग पुसत बसले.

त्यानंतर तो बुटांच्या दुकानातलं आपलं काम आटोपून दर आठवड्याला यायला लागला. कधी भोक पडलेलं नाणं, कधी कड तुटलेलं. "याला काही किंमत नाही," म्हटलं, की खुशीत निघून जायचा. असं गिऱ्हाईक आमच्या दुकानाने पाहिलं नव्हतं. त्याच्या यायच्या दिवशी मी जरा जास्तच नटते, हे मामाने चष्म्यावरून टिपलं होतं.

एकदा मात्र त्याने अगदी काळंकुट्ट नाणं आणलं. मी ते भिंगाखाली धरलं, मग नाकाजवळ नेलं. नाण्याला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता. आणि हा तर बुटांच्या दुकानात कामाला! पॉलिशखाली बाजारात चालणारं, कोरं करकरीत नाणं होतं.

बनवाबनवी करणाऱ्याला मामा पुन्हा दुकानाची पायरी चढू देत नाही. खरं सांगितलं, तर हा गेला. खोटं सांगितलं, तर माझा शब्द गेला, आणि आमच्या धंद्यात दुसरं असतं काय?

"काय निघालं गं?" मामाने विचारलं.

"पॉलिश आहे, मामा... बुटाचं." माझा आवाज मलाच ऐकू येईना.

मामाने दाराकडे बोट दाखवलं. "पुन्हा इथे यायचं नाही."

तो मान खाली घालून निघाला. भिंग तसंच टाकून मी त्याच्यामागे फुटपाथवर धावले.

"असं का केलंत?"

"आत्याच्या डब्यातली नाणी संपली," तो पुटपुटला. "मग यायचं कसं?"

"रिकाम्या हाताने यायचं."

"आणि सांगायचं काय?"

"मला भेटायला आलो म्हणून."

त्याने मान वर केली. "मग आता सांगतो... मला तुम्ही फार आवडता."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. 'तू' कधी निसटलं, कळलंच नाही. जाऊ दे, निसटलं ते बरंच झालं.

मागे दार वाजलं. मामा बाहेर येऊन उभा होता. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"दुकानात पाऊल टाकायचं नाही, म्हणजे नाही," मामा त्याला म्हणाला. "रविवारी घरी ये. मोठ्या माणसांना घेऊन. आणि येताना ते पॉलिशचे हात जरा धुऊन ये."