पूर्वभार

नेटवर्क तुंबलं अशी तक्रार आता राज्यात कुणी करत नसे. पूर्वी इंजिनिअर मंडळी गेल्या दिवाळीचे आकडे बघून यंदाची सोय करायची आणि ऐन पाडव्याला सगळ्यांचीच फजिती व्हायची. मृण्मयी घाटेने हा कारभारच उलटा केला. माणसं काय खरेदी करतात, कुठे निघतात, काय शोधतात, यावरून उद्या कुणाच्या घरी किती फोन येणार हे तिचं यंत्र आधीच सांगायचं. तिने मंजुरी दिली की तेवढी वाट रुंद व्हायची. या अजून न आलेल्या गर्दीला तिने नाव दिलं होतं पूर्वभार. अंदाज आजवर एकदाही चुकला नव्हता.

"श्रीरंग, इकडे ये, पळत ये!" ती नियंत्रणकक्षातून ओरडली. तिच्या धाकट्या बहिणीचा, अनघाचा नवरा चिपळूणला जाता जाता तिला भेटायला आला होता. अनघा पहिल्या बाळंतपणाला तिथे माहेरी होती. "उद्या सकाळी आईच्या फोनवर सगळं गणगोत तुटून पडणार आहे. बाबा होतोयस, लेका!"

श्रीरंगला आनंदाने बसवेना. "मुलगा की मुलगी, ताई?"

"ते याला काय कळणार? किती जण फोन करणार एवढंच कळतं. कशासाठी, ते नाही."

"मग व्हिडिओच्या रकान्यात शून्य कसं?"

मृण्मयी खो खो हसली. "आईचा कायदा! बारशापर्यंत बाळाला कॅमेऱ्यासमोर आणायचं नाही."

तोही हसला. मग सहज म्हणाला, "पण अनघाच्या फोनवरही शून्य? तिचं कुणीच अभिनंदन करणार नाही?"

मृण्मयीने आकडे पुन्हा एकदा तपासले. आईला येणारे फोनही सगळे आखूड होते, मिनिटभराचे. आनंदाची बातमी त्यांच्या घरात कुणी मिनिटभरात आवरली नव्हती.

तिने आईला फोन लावला. "अनघाला आत्ताच्या आत्ता शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलव. कारण विचारू नकोस!"

"अगं, झालं तरी काय? बरं, शेजारच्या जनूकाकांना गाडी काढायला सांगते."

गाडी निघाली आणि यंत्राने नवा अंदाज मांडला. उद्या अनघाचा फोन नुसता घणघणणार होता, तासन्‌तास. श्रीरंगने उडीच मारली. "जिंकलो, ताई!" मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिची नजर खालच्या ओळीवर गेली. तेच आखूड फोन आता जनूकाकांच्या घरी, काकूंच्या नंबरवर येणार होते.

गाडी थांबवायला तिने फोन उचलला. श्रीरंग अजून हसत होता. तिने फोन खाली ठेवला आणि काकूंच्या ओळीसमोर 'मंजूर' दाबलं.