सात नंबरचा पारदर्शक जोडा

"माझ्यावर आळ आलाय," मास्तर दारातूनच म्हणाले. "आज दुकान बंद व्हायच्या आत खरं कळलं नाही, तर उद्यापासून मी घरी."

मास्तर म्हणजे चामड्याच्या जोड्यांचे कारागीर, अठ्ठावीस वर्षं एकाच दुकानात. वहिनींनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. वहिनींचा धंदा खाजगी तपासाचा. सोबत त्यांचे दीर वही घेऊन असायचे, त्यांना सगळे भावजीच म्हणत. वहीत सगळं लगेच उतरायचं, डोक्यात जरा उशिरा.

"झालं काय?"

"मालकांच्या मुलीनं, छोटीनं, प्लास्टिकचे आरपार दिसणारे जोडे काढलेत. निम्मं गाव ते डोक्यावर घेऊन नाचतंय, निम्मं नाक मुरडतंय. मी नाक मुरडणाऱ्यांतला. पाय झाकायला जोडा असतो. दाखवायचेच तर अनवाणी फिरा की!" मास्तरांनी स्वतःला आवरलं. "आज संध्याकाळी प्रदर्शन आहे. तिथे एक मॉडेल घालणार होती तो खास जोडा सकाळी दुधासारखा पांढरा निघाला. थिनर लागलं की हे प्लास्टिक असं होतं. आणि थिनरची बाटली फक्त माझ्या टेबलावर."

"तुम्ही काही बोलला होतात का?"

मास्तरांची मान खाली गेली. "मागच्या आठवड्यात सगळ्यांसमोर म्हणालो, एक दिवस थिनर ओतीन यांच्यावर. जीभ घसरली हो."

भावजींनी वहीत लिहिलं, 'कबुली'. वहिनींनी पेन काढून घेतलं आणि तो शब्द खोडला.

दुकानात मालक तयारच होते. "बाटली त्यांची, धमकी त्यांची, किल्लीही त्यांच्याकडे. अजून काय पाहिजे?"

"किल्ल्या कोणाकोणाकडे?"

"मी, मास्तर आणि आमची बहीण. काल सहाला जोडा कपाटात ठेवला. मी आणि छोटी हॉल बघायला गेलो, तिथून घरी. मास्तर साडेसहाला गेले, बहिणीनं कुलूप लावलं. सकाळी कुलूप काढलं मास्तरांनी."

छोटीनं जोडा पुढे केला. वय सव्वीस, तरी नाव छोटीच. डोळे सुजलेले होते.

वहिनींनी जोडा उजेडात धरला. बाहेरून काच चमकावी तसा चमकत होता. पांढरेपणा आतून होता. डाव्या पायात थोडा, उजव्यात अंगठ्यापाशी दाट. तिथेच, तळ जोडलेल्या खाचेत, मसुरीच्या दाण्याहूनही बारीक लाल ठिपका होता.

"माप कितीचं?"

"सात. मॉडेल उंच आहे. मी घातला तर बोटं पुढच्या टोकाला लागायचीसुद्धा नाहीत, मला चार लागतो." छोटीनं नाक पुसलं. "मास्तरकाकांनी मला जोडे शिवायला शिकवलं हो. पण बाबा ऐकतच नाहीत."

काउंटरवर मालकांची बहीण बसली होती. दुकानात तिला सगळेच आत्या म्हणत, मास्तरसुद्धा. पंखा गरम वारा फेकत होता. आत्यांच्या पायांत मात्र जाड मोजे आणि बंद बूट.

"उकडत नाही का?" भावजींनी विचारलं.

"टाचा दुखतायत मेल्या." आत्यांनी पाय स्टुलाखाली ओढले. "सात नंबरचे पाय घेऊन जन्मले मी. दुकान घरचं, पण माझ्या मापाचं नाजूक काही मिळेल तर शपथ!"

"हे प्लास्टिकचे कसे वाटतात?"

"शी! भाजीची पिशवी पायात घालायची आणि मिरवायचं. मी आणि मास्तर वर्षभर हसतोय."

"जरा कापूस मिळेल?" वहिनींनी विचारलं.

आत्यांनी ड्रॉवर उघडला. कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या, कापसाचा गुंडाळा, एक छोटी निळी बाटली. त्यांनी कापूस दिला आणि ड्रॉवर पटकन बंद केला.

वहिनी मास्तरांच्या टेबलाशी गेल्या. "भावजी, बूट काढा. कड उसवलीय तुमची. मास्तर, बघता का?"

मास्तरांनी बूट घेतला, मापाचा फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, शोधून आत ठोकून बसवला आणि मगच सुई हातात घेतली.

"एवढ्याशा टाक्याला फर्मा?" भावजी म्हणाले.

"फर्म्याशिवाय जोड्याला हात लावायचा नाही. वडिलांनी फटके देऊन शिकवलंय."

वहिनींनी सगळ्यांना बोलावलं.

"ज्याला जोडा बिघडवायचा असेल, तो थिनर वरून ओतेल. हा जोडा बाहेरून स्वच्छ आहे. मास्तर तर फर्मा घातल्याशिवाय कशालाच हात लावत नाहीत, आणि फर्मा घातला की आतली बाजू झाकली जाते. म्हणजे हे मास्तरांचं काम नाही. कोणीतरी आतून काहीतरी पुसत होतं."

"काय पुसत होतं?" मालक म्हणाले.

"खाचेतला लाल ठिपका बघा. नेलपॉलिश आहे. साध्या बुटात नखं कशी आहेत ते कोण बघतं? या जोड्यात बोटं दिसतात, म्हणून घालणाऱ्यानं आधी नखं रंगवली. नीट वाळू दिली नाहीत, रंग आत लागला. घाईघाईनं नेलपॉलिश काढायच्या औषधानं पुसला. ते औषधही या प्लास्टिकला थिनरसारखंच पांढरं करतं."

भावजींनी डोकं खाजवलं. "मग छोटीच की!"

"तिची बोटं टोकापर्यंत पोचत नाहीत, आणि डाग टोकालाच आहे. मालकांचा पाय यात शिरणारच नाही. उरलं सातचं माप." वहिनींचा आवाज खाली आला. "आत्या, मोजे टाचांसाठी नाहीत ना? निळ्या बाटलीतलं औषध जोडा पुसण्यातच संपलं असेल, नखांना उरलं नसेल."

आत्या वाकल्या, बूट काढले, मोजे काढले. दहाही नखं लालभडक.

"सगळे गेल्यावर घातला," त्या म्हणाल्या. "आरशात बघितलं. पाच मिनिटं फक्त. जितकं पुसत गेले तितकं पांढरं होत गेलं."

"आणि सकाळी मास्तरांवर आलं तेव्हा?" मालकांचा चेहरा उतरला होता.

"हसले असते रे सगळे! वर्षभर नावं ठेवली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नखं रंगवून आरशासमोर... तोंडच उघडेना माझं."

छोटीनं हळूच विचारलं, "कसे दिसत होते गं?"

"छान दिसत होते," आत्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मास्तर भावजींच्या बुटाचा टाका पुरा करत होते. "हसलो असतो ना!" ते म्हणाले. "पोट धरून हसलो असतो. पण आमच्या हसण्यानं तुमची नोकरी गेली नसती, आत्या."

मालक पुढे आले. "चुकलो, मास्तर. बसा. चहा मागवतो."

"चहा उद्या." मास्तरांनी दोरा तोडला, बूट भावजींना दिला आणि पिशवी उचलली. "आधी घरी जातो. नवऱ्याला चोर ठरवलंय म्हणून सकाळपासून जेवली नाहीये ती."