टाक्यांचे दहा दिवस

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो झोपलेला होता. रोह्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात, बाकावर, भिंतीला डोकं टेकून, कंपनीच्या निळ्या कपड्यांत. मांडीवर गोणपाट आणि त्यावर तांबूस रंगाची एक कुत्री. ती मात्र टक्क जागी होती. याला उठवू नको गो, आत्ताच डोळा लागलाय… असं काहीसं तिच्या नजरेत होतं.

मीही सकाळपासून उभीच होते. मदतनीस म्हणजे लादी पुसण्यापासून बैल धरण्यापर्यंत सगळं. तरी दहा मिनिटं थांबले, मग हळूच हाक मारली.

"अहो… तुमचा नंबर आलाय."

तो दचकला. "झोपलो नव्हतो मी."

"नाही. नुसते घोरत होतात."

तो हसला. दमलेला माणूस हसतो तसा, अर्ध्यावरच.

त्याचं नाव हिरामण. गाव पेणच्या खाडीकडचं, नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत, राहायला रोह्यात भाड्याची खोली. कुत्री कंपनीच्या गेटवरची, तांबी. दोन वर्षांत तीन वेळा व्यायली होती आणि तिन्ही वेळा पिल्लं टँकरखाली गेली होती. शेवटची त्यानंच उचलली. ते सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

डॉक्टर पेणहून मंगळवारी नि शुक्रवारी यायचे. त्या दिवशी बुधवार होता, म्हणून तिच्या नसबंदीचं समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. गेटवरचे वॉचमन त्याला म्हणाले होते की गर्भाची पिशवी काढली की कुत्री लोळागोळा होते, भुंकतसुद्धा नाही.

"खरं काय ते सांगा, मॅडम."

मी सांगितलं. ती पुन्हा माजावर येणार नाही, गेटवर कुत्र्यांची झुंबड नि मारामाऱ्या होणार नाहीत. पिशवीत पू होऊन कितीतरी कुत्र्या मरतात, ती भीती जाईल. भूक मात्र वाढेल, आणि लागेल त्याहून जास्त खाल्लं तर जाड होईल. म्हणून खाणं बेतानं.

"आणि स्वभाव?"

"स्वभाव काय पिशवीत असतो? भुंकणारी भुंकेल. माणूस ओळखणारी ओळखेल."

त्यानं तांबीच्या कानामागे खाजवलं आणि शुक्रवारी येतो म्हणाला.

ऑपरेशन नीट झालं. पुढे दहा दिवस, टाके निघेपर्यंत तिला कोरड्या जागी ठेवायचं होतं. हिरामणचा घरमालक कुत्री घरात घेऊ देईना. शेवटी डॉक्टरांनी मागची खोली दिली आणि देखरेख माझ्याकडे आली. हिरामण रोज यायचा. कधी शिफ्टच्या आधी, कधी नंतर, डोळे तांबारलेले.

पहिल्या दिवशी भुलीतून उठताना तांबी थरथरत होती. तो तिच्या पाठीवर हात ठेवून तासभर खाली लादीवर बसला. टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं घातलं होतं. ते घेऊन ती दाराला धडकायची, आणि आम्ही दोघं एकदमच हात पुढे करायचो. मग एकदमच मागे घ्यायचो…

चौथ्या दिवशी माझ्या हातातली फिनेलची बादली त्यानं न विचारता घेतली. पाचव्या दिवशी माझ्या छत्रीची मोडलेली काडी तारेनं बांधून दिली. त्याच्या अंगाला कंपनीचा उग्र वास, माझ्या अंगाला औषधांचा. कुणी कुणाला नावं ठेवायची?

सहाव्या दिवशी तो तांबीला चोरून बिस्किट देताना मला सापडला.

"तिला कमी द्यायचं सांगितलंय ना?"

"मग तू खा," त्यानं पुडा माझ्यापुढे धरला. 'अहो' आणि 'मॅडम' कधी गळून पडले ते कळलंच नव्हतं.

"मी जाड झाले तर?"

"मग बसायला जागा जास्त लागेल. सरकून बसू."

मी वळून कपाट आवरायला लागले. कपाट आधीच आवरलेलं होतं.

दहाव्या दिवशी टाके निघाले. पोटावर एक बारीक, कोरडी रेघ राहिली. हिरामणनं तिच्या गळ्यात नवा पट्टा घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शांती… मी आयेला तुझ्याबद्दल सांगू का?"

इतके दिवस मी हेच टाळत होते. दमून गेले होते टाळून टाळून. म्हणून सगळं सरळ सांगून टाकलं. माझं लग्न झालं होतं. गाठी झाल्या, रक्तस्राव थांबेना, चार वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली. त्यानंतर सासरच्यांनी मला कोलाडला बापाकडे आणून सोडलं. पुढे रीतसर सोडचिठ्ठीही झाली.

"मला मूल होणार नाही, हिरामण."

तो तांबीचा पट्टा उगाच सैल-घट्ट करत राहिला. मग म्हणाला, "त्याला काय… तांबीचं काय बिघडलं? तूच म्हणालीस ना, स्वभाव—"

"मी कुत्री नाही."

माझा आवाज चढला नव्हता. चढवायला बळच नव्हतं. तांबीला घेऊन तो निघून गेला.

एक आठवडा गेला, मग दुसरा. मी लादी पुसली, बैल धरले, कोलाडची बस पकडली. एका माणसानं आपल्या दांडग्या कुत्र्याची नसबंदी करून घेतली, तर तोही विचारत बसला, आता हा भटकणार नाही ना? मी म्हटलं, भटकणं कमी होईल, पण लगेच नाही. थोडे आठवडे जावे लागतात. आणि मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी, दवाखाना बंद करताना हिरामण दारात उभा दिसला. एकटाच, भिजलेला.

"तांबी?" मी विचारलं.

"गेटवर हाय. गेल्या आठवड्यात एका चोराची पँट फाडली तिनं. जाड बी झालीय. वॉचमन भात घालतात, आयकत नाय."

मी कुलूप लावत राहिले.

"त्या दिवशी वायीट बोललो. मला तसं म्हणायचं नव्हतं… पण बोललो." तो थांबला. "खोटं नाय सांगत, शांती. मला पोर हवं होतं. ऐकलं तेव्हा आत काहीतरी तुटलं. मग तुझ्यापुढं यायला तोंड नव्हतं. पण रोज शिफ्ट सुटली की पाय इकडंच वळायचे, नि मी त्यांना खोलीकडं न्यायचो. आता नाय न्यायचं. घरी गेल्यावर तू असावीस, येवढंच मला पायजे."

किल्ली माझ्या हातात तशीच राहिली. "आणि आई?"

"शनवारी गावी जाऊन सगळं सांगितलं. दोन दिवस बोलली नाय. आज सकाळी निघताना म्हणाली, वालाचं बिरडं येतं का तिला?"

मला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. चार वर्षांत मला काय येतं हे कुणी विचारलंच नव्हतं. काय येत नाही, तेवढंच सगळे सांगायचे.

"येतं," मी म्हटलं. "पण मी फार दमलेय, हिरामण. रुसवेफुगवे, समजूत काढणं… ते काही माझ्याच्यानं होणार नाही."

"मी बी दमलोय गो," तो म्हणाला. "दोघं मिळून दमू."

मी छत्री उघडून अर्धी त्याच्यावर धरली. आम्ही स्टँडवर आलो, कोलाडच्या बसमध्ये चढलो. माझ्या बापाला काय सांगायचं ते त्यानं विचारलं. मी म्हटलं, आधी चहा घे, मग मी सांगते.

कंडक्टर आला तेव्हा हिरामणनं दोन बोटं वर केली, आणि मी त्याला थांबवलं नाही.