छातीतली फट

सांगते. पण शेवटी "भास झाला असेल" असं म्हणणार असाल, तर आत्ताच उठलात तरी चालेल. ते मला पुष्कळांनी ऐकवलंय आणि त्यातल्या एकालाही मी पुन्हा घरी बोलावलेलं नाही.

त्या दिवशी मी ओतारीकाकांकडे नुसते नग आणायला गेले होते. मी यंत्रमानव घडवते, टेबलावर मांडून खेळायच्या एका युद्धाच्या खेळासाठी. खेळातली कल्पना अशी, की आजोबांच्या काळातलं ते महायुद्ध संपलंच नाही. माणसं कमी पडायला लागली तेव्हा दोन्ही बाजूंनी पत्र्याचे राक्षस मैदानात उतरवले. हा खेळ काढणाऱ्या आमच्या मालकांना ते जुन्या स्वस्त मासिकांच्या मुखपृष्ठांवर असायचे तसेच हवे असतात. बादलीसारखं डोकं, बल्बचे डोळे, नळ्यांचे हात आणि जिथे तिथे रिव्हेट. मी पुट्टीतून बोटाएवढा नमुना कोरते, काका त्यावरून रबराचा साचा करतात आणि साच्यात वितळलेलं कथील ओततात. लोक ते नग विकत घेतात, रंगवतात आणि फासे टाकून एकमेकांचे मारतात. पोटापाण्याचा धंदा आहे, चालायचंच.

पत्र्याला जीव नसतो, म्हणून मी प्रत्येक राक्षसाला ओळखीच्या कुणाची तरी उभं राहायची ढब देते. तोफवाला आमच्या घरमालकासारखा पोट पुढे काढून उभा आहे. झेंडा धरणारा म्हणजे खुद्द आमचे मालक, पण हे त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही. आणि या नव्या राक्षसाला मी दादाची ढब दिली होती.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. तो रणगाडा चालवायचा. सीमेवरचं युद्ध पेटलं, थांबलं, पुढाऱ्यांनी हात मिळवले, फोटो छापून आले. कैदी परतले, मेलेल्यांची नावं दगडावर कोरली गेली. दादा दोन्हींत नव्हता. आमच्या वाट्याला 'बेपत्ता' हा एक शब्द आला आणि त्याच्यावर आईने इतकी वर्षं काढली.

हा राक्षस आतून माणसाने चालवायचा होता. म्हणून मी त्याच्या छातीत एक आडवी फट ठेवली, बाहेर बघायला. मान पुढे काढलेली, भार डाव्या पायावर. फटीच्या आत मी काहीही कोरलं नव्हतं. नुसता खड्डा होता. रंगवणारे तिथे काळा रंग भरतात.

काकांच्या कारखान्यात गरम रबराचा वास होता आणि हवेत साच्यांवर मारायची शंखजिऱ्याची पूड तरंगत होती. त्यांनी एक नग आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"हे तू कोरलंस?"

फटीत दोन डोळे होते.

"साच्यात कचरा अडकला असेल, काका."

"कचरा अडकला तर गाठ येते. पापण्या येत नाहीत." त्यांनी हात पुसले. "आणि साचा विसरतो, पोरी. दर ओतणीला थोडा झिजतो. आपल्या मनाने नवीन काही आणत नाही तो."

त्यांनी माझ्यासमोर पुन्हा ओतलं. या वेळी नाक आलं. त्याच्या पुढच्या नगात उजव्या भुवईला मधोमध चीर होती. ती भुवई मला ठाऊक आहे. लहानपणी झोपाळ्याची कड लागून फाटली तेव्हा टाके त्याला पडले होते आणि भोकाड मी पसरलं होतं.

मी मालकांकडे गेले. मालक खूश होऊन बसले होते.

"चेहरा काय दमलेला काढलायस. लोक तुटून पडतील."

"साहेब, हा नग बाजारात नको."

"का?"

"हा माझा भाऊ आहे."

"भावाला समोर बसवून केलंस होय? मग त्याची सही घेऊन ठेव. पुढे कटकट नको."

मी एक नग पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

आईला दाखवायचा नाही असं ठरवलं होतं. पण आईपासून आजवर माझं काही लपलंय का? तिने नग चष्म्याजवळ धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. रडली नाही.

"वाळलाय," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "या खेळातलं युद्ध कधी संपतं गं?"

"संपत नाही, आई. तसाच खेळ आहे तो."

"म्हणजे सुट्टी नाही मिळायची त्याला."

तिने त्याला खिडकीत ठेवलं, तोंड रस्त्याकडे करून. समोर भिंत नको म्हणाली. दुपारी ती त्याच्याशी बोलत बसायची. कुणाचं लग्न झालं, शेजारीण कशी आगाऊ आहे, मी कशी वेळेवर जेवत नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच नीट जेवत होती, आणि मला त्याचाही राग यायचा.

पुढच्या आठवड्यात मी खेळांच्या एका दुकानात गेले. मालकांनी नग बाजारात आणलाच होता. आत चार जण खेळत होते. एकाने फासे टाकले, दुसरा "मेला तुझा" म्हणाला आणि त्याने दादाला मानेला धरून उचलून खोक्यात फेकलं. मग दुसऱ्या डावासाठी तोच पुन्हा काढला. मेला. पुन्हा काढला. माझं डोकं फिरलं. इथे आम्हाला त्याचं एक मरण मिळालं नाही, आणि हे लोक बसल्या बैठकीला ते वाटून घेत होते.

तशीच उठून काकांकडे गेले. जुना साचा सुरीने कापून टाकला. मूळ नमुन्याच्या छातीतली फट पुट्टीने भरली आणि घासून सपाट केली. फट नाही तर चेहरा नाही. मग उरतो तो नुसता डबा, त्याला खुशाल मारा.

काका बघत होते. "आतल्याला विचारलंस का…?"

"आत कुणी नाही, काका. भरीव कथील आहे."



घरी आले तर आई खिडकीशी उभी होती. नग तिच्या मुठीत होता.

"कुणी बंद केलं गं याला?"

मी नग घेतला. याच्या छातीला मी हातही लावला नव्हता. तरी फट गेली होती. तिथे पुट्टी नव्हती, जोड नव्हता, एकसंध गुळगुळीत कथील होतं.

"मघापासून ठोकतोय…" आई हळू म्हणाली. "आधी जोरात ठोकत होता."

मी तो कानाला लावला. आधी काहीच नाही. मग आतून, फार लांबून आल्यासारखं… टक. टक. मग थांबून पुन्हा एकदा.

आईला रिक्षात घालून मी कारखान्यात परत गेले. काका दाराबाहेर स्टुलावर बसले होते. आत जायला तयार नव्हते. आत पाठवणीच्या खोक्यांची चळत होती, आणि ती सगळी चळत बारीक वाजत होती.

मी नमुन्यातली पुट्टी उकरून काढली. काकांनी नवा साचा केला, ओतलं. फट आली नाही. नमुन्यात होती, साच्यात होती, नगात नव्हती. मी आणखी खोल कोरलं. पुन्हा ओतलं. पुन्हा सपाट छाती, आणि धातू पुरता निवायच्या आत ती वाजायला लागली.

"कापू या," मी म्हणाले.

आईने स्वतःच्या हातातला नग पुढे केला. "हळू कापा. कडेने…"

काकांनी तो व्हाइसच्या लोखंडी पकडीत आवळला आणि करवत लावली. पातं आत शिरलं तसं ठोकणं थांबलं. त्या क्षणी मला कळलं की मी माझ्या भावाला आत चिणून टाकलं होतं, आणि ते आता उलटवता येणार नव्हतं. काकांचा हात थांबला. आईनेच त्यांना पुढे चला अशी खूण केली.

दोन अर्धे झाले. आत पोकळी नव्हती. हवेचा साधा बुडबुडा नव्हता. चकचकीत, भरीव धातू होता. आईने दोन्ही अर्धे तळहातांवर घेतले आणि उजेडाकडे धरले.

तेव्हा डाव्या अर्ध्याच्या कापलेल्या बाजूवर वाफ धरली. आरशावर श्वास सोडला की धरते तशी. ती विरली. मी बोटाने पुसलं. परत धरली.

मग उजव्या अर्ध्यावर धरली. डाव्याचा आणि उजव्याचा ताल वेगळा होता. डावा सावकाश. उजवा फार भराभर, घाबरलेल्या माणसाचा.

"एकटा नव्हता गं तो. सोबतीला कुणीतरी होतं," आई म्हणाली. तिचा चेहरा इतका हलका झालेला मी कधी पाहिला नव्हता.

मी मान हलवली. फटीतून मला कायम एकच चेहरा दिसला होता, हे तिला सांगितलं नाही.