आठवं पाऊल

कासूच्या खाडीकडच्या मिठागरात नम्रतानं तीन भूकंपमापक पुरले, ते गप्प बसतील याच खात्रीनं. दूरदेशीच्या ज्वालामुखींचे हजारो हादरे ऐकवून तिनं संगणकाला ते ओळखायला शिकवलं होतं. आता जिथं ज्वालामुखी नाही, तिथं तो उगाच बोंब ठोकत नाही ना, एवढंच पाहायचं होतं. इथला काळा कातळ कधीकाळचा लाव्हाच. पण तो निवून कोट्यवधी वर्षं झालेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी संगणकानं बोंब ठोकलीच. ज्वालामुखीचा हादरा, खात्री नव्याण्णव टक्के.

नम्रताला हसू आलं. समोर बारा बायका ओळीनं मिठाच्या वाफ्याचा तळ तुडवून घट्ट करत होत्या. त्यांच्या धपधपीला हा शहाणा ज्वालामुखी म्हणत होता! तिनं पावलं मोजली. सात पडायची, आठवं मोकळं सोडायचं, पुन्हा सात. असं का, म्हणून तिनं ओळीच्या म्होरक्या पुतळीबाईंना विचारलं.

"आठवं आपलं नाय," त्या म्हणाल्या. "ते खालच्याचं."

नम्रतानं ते कानाआड केलं आणि सातही पावलं नोंदीतून गाळून टाकली. नोंद कोरी व्हायला हवी होती. पण दर आठव्या ठोक्याला एक हादरा उरलाच. तिन्ही मापक उगम दाखवत होते वाफ्याच्या बरोबर खाली, नऊ किलोमीटरवर.

तिनं पुण्याला आपल्या संस्थेचे प्रमुख दिनानाथ सर यांना फोन लावला. त्यांनी बजावलं, की इशारा द्यायचा तर दोनच्या आत कळव. दिला तर सहा गावं रिकामी करावी लागतील, आणि तो खोटा निघाला तर पुन्हा कोणी जागचं हलणार नाही. खरा असून दिला नाही तर काय, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

एक वाजून गेला होता. खालचा हादरा एकटा उरतो का हे पाहायला तिनं तुडवणं थांबवायला सांगितलं.

"थांबायचं नसतं गो," पुतळीबाई म्हणाल्या. "माझ्या सासूनंबी कधी थांबवलं नाय." पण नम्रताचे भरलेले डोळे पाहून त्यांनी हात वर केला.

बायका थांबल्या.

पडद्यावर ठोके उमटले. ओळीनं सात. आठवा आला नाही.

पुन्हा सात, आधीपेक्षा मोठे. बांधावरचा हंडा किणकिणला. आठव्याची जागा पुन्हा मोकळी.

नम्रताला भीती वाटायला हवी होती. पण एवढं अफाट काहीतरी पायाखाली शिस्तीत चालत होतं आणि माणसांची पाळी माणसांसाठी सोडत होतं. तिला हात जोडावेसे वाटले.

तिसऱ्यांदा सातवा ठोका पडला, आणि बाराही बायकांनी एकच पाऊल टाकलं.

पडद्यावरची रेघ सपाट झाली. ओळ पुन्हा तुडवायला लागली.

दोनला सरांचा फोन आला. इशारा नको, ती म्हणाली. कारण काय लिहू, त्यांनी विचारलं. फोन खाली ठेवून तिनं चपला काढल्या आणि ती ओळीच्या टोकाला उभी राहिली.

सात पावलं झाली. आठव्याला ती थांबली.

तिच्या तळव्यांखालचा चिखल, तेवढाच, हलकेच वर उचलला गेला आणि खाली बसला.