मिरियमला मारू नका

धम्मप्रिया पहिल्यांदा आमच्या घरी आली ती माझं रक्त काढायला. तिनं माझ्या दंडाला रबरी पट्टा आवळला, अन् नेमके त्याच टायमाला पुस्तकातल्या गावातले सगळे दिवे गेले.

पुस्तक माझा नातू विनोद सांगून राहिला होता. उदगीरला क्लासमध्ये पोरांना इंग्रजी शिकवतो अन् माझ्याजवळ ऱ्हातो. रविवारची उपासना झाली, जेवणं उरकली, की कूलरसमोर खुर्ची ओढतो, मनातल्या मनात पान वाचतो अन् आम्हाला मराठीत सांगतो. ऐकायला मी अन् शेजारची शिवगंगा. आता तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती माणसाचं घर, भक्तीचं पुस्तक असंल. न्हाई बाई. भक्तीची वेगळी, ही वेगळी. लिहिणारी माणसं ख्रिस्तीच, पण ह्यात खून पडतात, माणसं गायब होतात, सैतान कोट घालून हिंडतो, अन् अंगावर काटा आला की मधीच कोणीतरी गुडघे टेकून प्रार्थना करतं. विनोदला ह्या पुस्तकांचा लई नाद. मला त्याच्याहून जास्त.

ह्या पुस्तकात एका गावात एक परका माणूस येतो अन् लोकांच्या सावल्या विकत घेतो. सावली विकली की माणूस आपल्याच माणसांना विसरतो. एकटी मिरियम नावाची नर्स सावली विकत न्हाई. दवाखान्याच्या खिडकीत कंदील लावून बसती.

"अन् दारावर टकटक झाली," विनोद म्हणला. "मिरियमनं कंदील उचलला. दाराच्या फटीतून बघितलं... बाहेर माणूस होता, पण त्याची सावलीच न्हवती—"

माझ्या हातापाशी सुई आली अन् हवेतच थांबली.

"मग?" धम्मप्रिया म्हणली.

विनोदनं मान वर केली. पोरींनो, कूलर फुल्ल चालू होता, वाळ्याचा गार वास सुटला होता, तरी माझ्या नातवाला असा घाम फुटला की अंगणातल्या लिंबाला पाणी घालायची गरज पडली नसती.

"मग... पुढच्या रविवारी." त्यानं पुस्तक मिटलं.

"असं कसं? माणसाला दारात उभं करून पुस्तक मिटतात व्हय?"

"आमच्या घरचा नियम हाय. एका रविवारी एकच प्रकरण. पुढचं विचारायचं न्हाई अन् एकट्यानं वाचायचं तर बिलकुल न्हाई."

"तुम्ही वाचलं असंल की सगळं."

"न्हाई. मी पण तुमच्यासंगंच वाचतो. बायबलवर हात ठेवून सांगतो."

"मी बौद्ध हाय. माझ्यापुढं बायबलवर हात ठेवून काय फायदा?"

"मग... तुमच्या त्या सुयांच्या डब्यावर ठेवू?"

ती हसली. गालाला खळी पडली. विनोद बघतच ऱ्हायला... अन् मी वरडले, "अगं बाई, हात काळानिळा पडला माझा! आधी रक्त तर काढ!"

हात मात्र असा हलका की रक्त निघाल्याचं रक्तालाच कळलं न्हाई. नवी गोळी चालू केली म्हणून डॉक्टरनं दर रविवारी साखर बघायला सांगितली होती, महिनाभर. आता महिन्यात साखर जागेवर आली तर ही पोरगी कशाला येईल आपल्या घरी? मी शिवगंगाला म्हणलं, "तू हुग्गी कर." शिवगंगाची हुग्गी म्हंजे गव्हाची खीर, पण तिच्यात गूळ गव्हापेक्षा जास्त. दर शनिवारी एक वाटी. डॉक्टर चक्रावला. गोळी बदलली अन् अजून दोन महिने वाढवले. मी म्हणलं, देवाची कृपा.

धम्मप्रिया आता रक्त काढून झालं तरी बसायला लागली. माझ्याजवळची खुर्ची तिची. रेणापूरची पोरगी, उदगीरला खोली करून ऱ्हायची, लॅबमध्ये काम. बापाचं नाव नागसेन, शाळेतून रिटायर झालेले मास्तर. बोलणं असं की विनोदला एक वाक्य सरळ पुरं करू द्यायची न्हाई.

"अन् मिरियमला वाचवायला देवदूत ट्रक घेऊन आला," विनोद म्हणला.

"देवदूत ट्रक चालवतो?"

"हाव."

"लायसन कुठलं?"

"वरचं. तिथं टेस्ट लई कडक असती."

"अन् पंख कुठं ठेवतो?"

"टपावर. वरून ताडपत्री टाकतो."

शिवगंगाला हसता हसता ठसका लागला. धम्मप्रिया हसली, पण मग एकदम गंभीर झाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणली, "हे बघा, मी देवदूत मानत न्हाई, सैतान मानत न्हाई. पण ती मिरियम... ती माझ्यासारखी हाय. एकटी ऱ्हाती, लोकांचं दुखणं बघती. तिला मारू नका. तिला काही झालं तर पुढच्या टायमाला सुई आज्जीला न्हाई, तुम्हाला टोचीन. जाडी सुई."

"न्हाई मारत," विनोद म्हणला. हळूच म्हणला. अन् दोघंबी एकमेकाकडं बघायचं सोडून कूलरकडं बघायला लागले.

पुढच्या रविवारपासून एक गंमत झाली. विनोद पान उलटेना.

मला इंग्रजी येत न्हाई, पण पान उलटलेलं तर कळतं! तासभर सांगायचा अन् पुस्तक तिथंच उघडं. शिवाय त्या परदेशातल्या गावात आता डाळमिल निघाली. मिरियम ट्रकमधून उतरून तुरीच्या पोत्यांमागं लपली. सावल्या घेणारा माणूस अडत दुकानात बसून भाव करायला लागला. अन् मिरियम हसली की तिच्या गालाला खळी पडायची. आधी पडत न्हवती, मी शपथेवर सांगते.

"यव्वा," शिवगंगा म्हणली, "ह्या मिरियमला मी कुठं तरी बघितल्यासारखं वाटून राहिलंय."

धम्मप्रियानं खाली मान घालून माझ्या हातावरचा कापूस इतका दाबला की मला वाटलं, हात आरपार जाईल. मी गप बसले. थापा मारणं आमच्या घराण्यात रक्तातच हाय अन् ते कुठल्या लॅबमध्ये सापडत न्हाई.

मग एका रविवारी विनोद लातूरला गेला, आईबापाकडं. त्याचा बाप तिथल्या चर्चचा पाळक हाय. धम्मप्रिया आली, रिकामी खुर्ची बघितली, अन् तिचं तोंड उतरलं.

रक्त काढता काढता म्हणली, "आज्जी, पप्पांचा फोन आला होता. लातूरचं स्थळ हाय. बँकेत साहेब. घरी बघायला बोलवायचं म्हणतेत."

"मग? तुला बघायचंय का?"

"मला पप्पांना दुसरंच सांगायचंय. पण ज्याचं सांगायचंय, त्यानं तोंड उघडलं तर ना! गोष्टी तेवढ्या धडाधड सांगतो..."

एवढं बोलली अन् लाजून सुयांचा डबा उलटाच बंद केला. मी आपलं मनातल्या मनात देवाला म्हणलं, ह्या पोराची जीभ मोकळी कर रे बाबा.

पण त्या आठवड्यात भलतंच झालं. विनोद न्हाई, गोष्ट न्हाई, स्थळाचा जिवाला घोर. पोरीला राहवलं न्हाई. तिनं नियम मोडला. मोबाईलवर ते पुस्तक विकत घेतलं अन् अडत अडत, शब्दाला शब्द जुळवत वाचून काढलं.

रविवारी आली ती डबा न घेताच. डोळे सुजलेले. विनोद हातात पुस्तक घेऊन उठला, तर ती दारातूनच म्हणली, "मिरियम मेली."

विनोदनं पुस्तक छातीशी धरलं.

"बाराव्या प्रकरणात मेली. डाळमिल न्हाई, पोती न्हाई. तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. तू म्हणलीस मारू नका... मग मी घरी एकट्यानंच पुढचं वाचून बघितलं."

"अन् मला खोटं सांगत बसलात!"

"तू नाराज झाली असतीस."

"झाले असते! कोणी मेलं की माणूस नाराज होतंच!" तिचा आवाज चढला अन् तसाच फुटला. "मी लॅबमध्ये काम करते, विनोद. रोज कोणाचा तरी रिपोर्ट वाईट येतो. समोरच्याचा चेहरा बघून मी आकडा बदलते का? उद्या आपल्या घरात काही वाईट झालं, तर तू मला असंच गोड करून सांगशील? मग मी विश्वास कशावर ठेवू?"

शिवगंगानं मला कोपर मारलं. 'आपल्या घरात' म्हणली होती पोरगी. अन् 'तू' म्हणली होती. पण विनोदला त्यातलं काही ऐकू आलं असंल असं वाटेना. पांढराफटक पडला होता.

"बस," तो म्हणला. "आज पुस्तकात हाय तसंच सांगतो."

अन् त्यानं पान उलटलं.

पुस्तकात मिरियम देवदूताच्या ट्रकमध्ये बसतच न्हाई, दवाखान्यातच ऱ्हाती. सावल्या घेणारा तिला म्हणतो, कंदील विझव, मी तुला सोडतो. ती विझवत न्हाई. तेल संपतं तर औषधाची बाटली ओतती, ती संपती तर स्वतःचं पांघरूण फाडून वात करती. गारठ्यात तशीच बसून ऱ्हाती. उजाडतं तवा गावातल्या एकेका माणसाच्या पायाशी सावली परत आलेली असती. लोक पळत दवाखान्यात येतात, तर ती खिडकीतच बसलेली असती, हात कंदिलावर. गार पडलेली.

शेवटच्या ओळीला विनोदचा आवाज दोनदा अडकला, पण त्यानं ती गाळली न्हाई. शिवगंगा पदरात तोंड घालून रडली. मी पण रडले, इतकी की साखर दहानं तरी उतरली असंल.

धम्मप्रियानं नाक पुसलं. "हे तुझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय."

"हाव. माझ्यात नुसती डाळमिल होती."

ती रडता रडता हसली. मग म्हणली, "अजून काही खरं सांगायचं ऱ्हायलंय का?"

विनोदनं पुस्तक खाली ठेवलं. "तू मला आवडतीस. लई. पहिल्या दिवसापासून... अन् लातूरला मी पप्पांना तेच सांगायला गेलो होतो. ते खूश न्हाईत. मम्मी रडली. पप्पा म्हणले, पोरगी चर्चला येईल का? मी म्हणलं, न्हाई, अन् मी तिला विचारणार पण न्हाई. मग ते जेवले न्हाईत. निघताना म्हणले, घेऊन ये एकदा. 'हो' म्हणले न्हाईत. बघ, काही गोड केलं न्हाई मी."

"मी बाप्तिस्मा घेणार न्हाई."

"माहीत हाय."

"रविवारी सकाळी मी विहारात जाते. ते सोडणार न्हाई."

"मी सकाळी चर्चमध्ये असतो. दुपार दोघांची मोकळी हाय की."

तिनं पर्समधून मोबाईल काढला, रेणापूरला लावला, स्पीकर चालू केला अन् स्टुलावर ठेवला.

"पप्पा, ते लातूरचं स्थळ नको. उदगीरचं एक हाय. ख्रिस्ती हाय."

तिकडं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"कोण?"

"तो... गोष्ट सांगणारा."

"तिथं हाय का तो? बोलू दे."

विनोद ताडकन उभा ऱ्हायला, जसं काही फोनमधून दिसतं. "जय भीम, काका."

"जय भीम. हे बघा, पोरगी मला दर रविवारी रात्री तुमची गोष्ट फोनवर सांगती. हिची आई बी कान लावून असती. मिरियम डाळमिलमध्ये लपली होती, तिथून आम्ही खोळंबलोय. वाचली का न्हाई?"

विनोदनं धम्मप्रियाकडं बघितलं. तिनं हाताची घडी घातली. मी तर देवाला म्हणलं, बाबा, आता टॉवर पडू दे, रेंज जाऊ दे, काही बी कर.

"न्हाई काका," विनोद म्हणला. "पुस्तकात ती मेली. डाळमिल मी बनवली होती. धम्मप्रिया म्हणली होती तिला मारू नका... मला जमलं न्हाई मारायला. पण खोटं सांगायला नको होतं. चुकलं माझं."

तिकडून मास्तरांच्या पाठीमागून बाईमाणसाचा आवाज आला, "मी म्हणलं न्हवतं? परदेशात कुठली तुरीची पोती!"

मास्तर खाकरले. "लग्नाचं मी फोनवर बोलत नसतो. येत्या रविवारी आम्ही दोघं उदगीरला येतो. मला लई प्रश्न विचारायचे हायत अन् ते सोपे न्हाईत."

"या काका. विचारा."

"अन् ऐका..."

"हाव?"

"पुस्तकातलं खरं ऐकूच आम्ही. पण ते डाळमिलचं अर्धं ऱ्हायलंय. तेवढं आता पुरं करा की. आमच्या हिला रात्री झोप लागंना."

धम्मप्रियाच्या तोंडून हसू सांडलं. विनोद खुर्चीवर बसला, फोनजवळ वाकला. "तर काका... हे खोटं हाय बरं का, आधीच सांगतो. मिरियम पोत्यांमागं दबकून बसलेली, बाहेर बुटांचा आवाज..."

धम्मप्रिया माझ्याजवळच्या खुर्चीवरून उठली, त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर जाऊन बसली अन् म्हणली, "मग?"