पाचवं उपकरण

अनोळखी पाहुण्याला आत येऊ द्यायचं नाही, हेच माझं पोटापाण्याचं काम. मी फायरवॉल बसवते. यादीत नाव असेल त्याला नेटवर्कमध्ये घ्यायचं, बाकीच्यांना बाहेरच्या बाहेर हाकलायचं. त्या रविवारी आईबाबांच्या घरीही तेच केलं. आईचा फोन, टीव्ही, प्रिंटर आणि बाबांचा टॅब्लेट. माझा फोन आणि लॅपटॉप माझ्या वेगळ्या इंटरनेटवर. चार उपकरणं, विषय संपला.

"आपल्याकडे चोरायला आहे तरी काय?" आई म्हणाली.

"तुझे रोज सकाळचे फुलांचे फोटो."

आई हसली. बाबा हसले नाहीत. कापडाच्या दुकानात तीस वर्षं गिऱ्हाइकांना बोलण्यात घोळवणारा माणूस पक्षाघातानंतर पाच महिने गप्प होता. थेरपिस्ट बाई रोज अकरा वाजता टॅब्लेटवर यायच्या. सहा महिन्यांत एक शब्द तरी फुटायला हवा, नाहीतर पुढे कठीण, असं त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं. आईला ते सांगायचा धीर मला होत नव्हता.

सोमवारी अकराला एक पाचवं उपकरण आत यायला बघत होतं. नाव नाही, कंपनी नाही. फायरवॉलने त्याला चाळीस वेळा परतवलं. शेजाऱ्यांचं असेल म्हणून मी सोडून दिलं. मंगळवारी तेच. बाबांचा सराव संपला, की तेही थांबायचं.

बुधवारी सिग्नल कुठून येतो ते फोनवर बघत घरभर फिरले. स्वयंपाकघरात क्षीण, बोळात बरा. सगळ्यात जास्त बाबांच्या खुर्चीपाशी, खिडकीच्या बाजूला. तिथे नुसती फरशी होती आणि तिच्यावर ऊन. मी हात टेकवला. फरशी गार होती.

"काही सांडलं का?" आईने विचारलं.

"नाही."

गुरुवारी, ते काय करतं ते पकडायचं म्हणून, दहा मिनिटांपुरतं त्याला आत सोडलं. ते इंटरनेटवर गेलंच नाही. फक्त बाबांच्या टॅब्लेटशी काहीतरी बोलत राहिलं, थोडं थोडं, थांबून थांबून.

बाईंनी पडद्यावर कपाचं चित्र धरलं. बाबांनी मान खिडकीकडे वळवली. ओठ हलले.

"कप," बाबा म्हणाले.

आई रडायला लागली.

खात्री करायला मी पाचव्या उपकरणाची वाट लगेच बंद केली. बाईंनी पुन्हा विचारलं. बाबांचे ओठ नुसतेच थरथरले, डोळे भरून आले.

पुन्हा उघडली.

"कप. खिडकी." मग आईकडे बघून, "रडू नको."

मी लॅपटॉप उचलून बाहेरच्या खोलीत गेले. या उपकरणाबद्दल मी घरात कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता. कायमची परवानगी द्यायला उपकरणाचं नाव भरावं लागतं. मी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं आणि विचार करू लागले.

आतून बाबांचा आवाज आला. पूर्वीसारखाच, मऊ, समजावणीचा.

"नाव नको विचारूस गं त्याला. बुजतं ते."